बंद पडलेल्या शाळेचे पालक

आमच्याकडे शिक्षणसंस्थांचे इतिहास कमी लिहिले गेले आहेत असे नाही. रौप्यमहोत्सव आला, सुवर्णमहोत्सव आला, की संस्थेचा इतिहास सिद्ध होतो; त्यात संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांची नामावळी असते आणि पहिल्या दिवशी किती मुले होती व आज किती आहेत याचे कोष्टकही असते. परंतु जी शाळा मध्येच बंद पडली तिचा महोत्सव होत नाही, आणि म्हणून तिचा इतिहासही सहसा कोणी लिहीत नाही. कोणी लिहिलाच, तर तो संस्थापकांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून. त्यांनी शाळा कशी काढली, सरकारची वक्रदृष्टी कशी झाली आणि ती कशी बंद पडली, एवढे सांगून चरित्रकार पुढे जातो. पण शाळा बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेतील मुलांच्या घरी काय झाले, हा प्रश्न चरित्रकारास पडत नाही. आम्हांस तो पडला आहे, आणि महाराष्ट्रातील एका नामांकित विद्यालयाच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार येथे करावा असे योजिले आहे. ते विद्यालय म्हणजे प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय होय.

प्रथम खासगी शाळा ही वस्तू कशावर उभी असते ते पाहिले पाहिजे. १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्याने खासगी शाळांस सरकारी मदत देण्याचे धोरण ठरले. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर पुढे त्यांस येऊन मिळाले, आणि अल्प वेतनावर काम करणाऱ्या सुशिक्षित तरुणांच्या बळावर सरकारी शाळेच्या तोडीची, किंबहुना तिच्याहून सरस शाळा चालू शकते हे लोकांस प्रत्यक्ष दिसले. तेव्हापासून खासगी शाळा हा महाराष्ट्रातील मध्यम वर्गाच्या जीवनाचा एक भाग होऊन बसला. अशी शाळा तीन खांबांवर उभी असते. पालकांची फी हा पहिला खांब, लोकांची देणगी हा दुसरा, आणि सरकारची मान्यता व तिच्याबरोबर येणारी ग्रँट हा तिसरा. यांपैकी एखादा खांब डळमळला तर शाळा काही काळ तग धरते; दोन गेले म्हणजे तिचे दिवस भरले असे समजावे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तिन्ही खांबांपैकी एकच पालकांच्या हातातला असतो. इमारत कोसळली म्हणजे दुखापत मात्र त्यांच्याच मुलांस होते.

तिसऱ्या खांबाचे महत्त्व मॅट्रिकच्या परीक्षेमुळे होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. पुढील पन्नास वर्षांत ही परीक्षा म्हणजे आमच्या मध्यम वर्गाचा उंबरठाच होऊन बसली. कचेरीतील कारकुनी असो, शाळेतील मास्तरकी असो, की वकिलीकडे जाणारा लांबचा रस्ता असो, उंबरठा हाच. ज्या घरी शेती पोटापुरती नाही आणि व्यापाराचा वारसा नाही, त्या घरी मुलगा मॅट्रिक होणे म्हणजे पुढच्या पिढीच्या अन्नाची तरतूद होणे होय. आज ही गोष्ट हसण्यावारी नेणे सोपे आहे. ज्यांनी आपल्या वडिलांच्या पेन्शनीवर तीन भावंडांची शिक्षणे काढलेली पाहिली आहेत, त्यांस ती हसण्याजोगी वाटणार नाही.

अशा काळात राष्ट्रीय शिक्षणाची हाक आली. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, आणि चळवळीत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळांची मदत व मान्यता काढून घेण्याची धमकी देणारे परिपत्रक बंगाल सरकारने काढले. रंगपूर येथे सरकारी शाळेतील मुलांस सभेस गेल्याबद्दल दंड झाला, तेव्हा त्यांच्या पालकांनी तो भरण्याचे साफ नाकारले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे राष्ट्रीय शाळा निघाली. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीचा आरंभ व्याख्यानांइतकाच पालकांच्या या नकाराने झाला, हे आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवितो. कारण पुढे याच पालकवर्गावर भीरुतेचा आरोप पुष्कळदा झाला. १९०६ साली कलकत्त्यास बंगालची राष्ट्रीय शिक्षणपरिषद स्थापन झाली, आणि वर्षाअखेर तेथेच भरलेल्या काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव संमत केला.

महाराष्ट्रात हे कार्य हाती घेणारे अग्रणी म्हणजे विजापूरकर. यांचा जन्म १८६३ सालचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते प्राध्यापक होते. 'ग्रंथमाला' या मासिकाने त्यांनी मराठी विद्वत्तेची जी सेवा केली ती सुविश्रुत आहे, आणि 'विश्ववृत्त' हे मासिकही त्यांचेच. स्वभाषेतून शिक्षण मिळाल्यावाचून विद्या अंगी मुरत नाही, आणि हाताला उद्योग शिकविल्यावाचून विद्वान परावलंबीच राहतो, ही त्यांची दोन मते फार दिवसांची होती. १९०६ साली समर्थ विद्यालय निघाले ते या मतांना मूर्त रूप देण्यासाठी. मातृभाषा हे माध्यम, शिक्षणात उद्योगास स्थान, धर्माचे व देशाच्या इतिहासाचे शिक्षण आणि गुरुशिष्यांचे एकत्र राहणे अशी त्याची मांडणी होती. कोल्हापुरात याचे बीज पडले आणि पुढे पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे ते स्थिरावले. याच तळेगावात, अंताजी दामोदर काळे यांनी पै-पैसा जमवून उभारलेल्या पैसाफंडाचा काचकारखाना १९०८ साली सुरू झाला. एकाच गावात एकीकडे लोकांच्या पैशावर काच तयार होत आहे व दुसरीकडे लोकांच्याच आश्रयावर विद्यार्थी घडत आहेत, हे दृश्य त्या दिवसांत पाहणारास केवढा धीर देत असेल!

या विद्यालयात मुलगा घालणाऱ्या बापाने काय पत्करले होते, याचा नीट विचार केला पाहिजे. त्याने मॅट्रिकचा उंबरठा आपण होऊन सोडला होता. शेजाऱ्याचा मुलगा सरकारमान्य शाळेत एकेक इयत्ता चढत असता आपला मुलगा तळेगावास मातृभाषेतून शास्त्र शिकतो आहे, हातांनी काम करतो आहे, आणि त्याच्या शिक्षणाच्या शेवटी विद्यापीठाचे प्रशस्तिपत्र नाही, हे त्यास ठाऊक होते. सभेत टाळ्या वाजविणे सोपे, वर्गणी देणे त्याहून थोडे कठीण. पण पोटचा मुलगा देणे ही निराळीच गोष्ट. वर्गणी बुडाली तर पाच रुपये जातात. मुलाचे वर्ष बुडाले तर ते कोणत्याही फंडातून भरून काढता येत नाही. शिवाय हा निर्णय एकट्या बापाचा नसतो. घरात आजी असते, आई असते, फीचे पैसे पाठविणारा थोरला काका असतो. या सर्वांची समजूत घालून, क्वचित न घालताही, मुलाची ट्रंक तळेगावास गेलेली असे. पुढे जे घडले त्याचा जाब त्या बापास सरकारला विचारता आला नाही, पण घरातील माणसे मात्र त्याला तो विचारू शकत होती.

आणि पुढे घडले ते लवकरच घडले. १९०८ हे साल महाराष्ट्रास फार कठीण गेले. जुलै महिन्यात टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी 'विश्ववृत्ता'त पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख आला, आणि त्यावरून राजद्रोहाचा खटला होऊन विजापूरकरांस तीन वर्षांचा कारावास घडला. त्यांच्याबरोबर शिक्षा भोगणाऱ्यांत विद्यालयातील तरुण शिक्षक व मासिकाचे सहकारी वामन मल्हार जोशी हेही होते. पुढे 'रागिणी' लिहून मराठी कादंबरीस तत्त्वचर्चेचे वळण देणारे ते हेच वामनराव. म्हणजे मुलांनी ज्यांस गुरू म्हणून पाहिले, ते एका खटल्यासरशी कैदी झाले. तरीही विद्यालय चालू राहिले, आणि पालकांनीही लगोलग आपली मुले काढून त्याचा शेवट केला नाही. १९०९ च्या डिसेंबरात नाशकास जॅक्सनचा वध झाला, दडपशाहीचा जोर शतपट वाढला, आणि १९१० साली सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडले.

शाळा बंद होणे आणि शाळा बंद पाडली जाणे यांत संस्थेच्या दृष्टीने मोठा भेद आहे. पहिल्यात दैन्य आहे. दुसऱ्यात निदान मान तरी आहे. पण घराच्या दृष्टीने पाहता मुलगा परत आला एवढेच खरे. तो परत आला म्हणजे त्याला कोठे घालावयाचे? सरकारमान्य शाळेत न्यावे, तर सरकारने बंद केलेल्या विद्यालयाच्या दाखल्याकडे हेडमास्तर कोणत्या नजरेने पाहणार! तेवढे निभावले, तरी दुसरी अडचण होती, आणि आमच्या मते तीच खरी अडचण होय. त्या काळी मुंबई इलाख्यातील दुय्यम शाळांत वरच्या इयत्तांचे माध्यम इंग्रजी होते. मराठीतून भूमिती, इतिहास व शास्त्र उत्तम शिकलेला मुलगा त्या वर्गात बसला म्हणजे त्यास विषय येई पण वाक्य येत नसे. जे शिक्षण त्यास तळेगावात पुढे नेत होते तेच येथे त्यास मागच्या बाकावर बसवी. मग त्याच्याहून दोन वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात बसणे, घरी खासगी शिकवणी लावणे, संस्थानी मुलखात कोणी नातलग असल्यास त्याच्याकडे पाठविणे, एखाद्या कारखान्यात उमेदवारीस लावणे, किंवा शिक्षणच सोडून घरचे काम पाहणे, एवढेच मार्ग उरत. यांपैकी प्रत्येक मार्गाला पैसा लागतो किंवा वेळ लागतो, आणि ज्या घरी दोन्ही बेताचेच असत तेथे एका मुलाची भरपाई दुसऱ्याच्या वाट्यातून होई. थोरल्याचे वर्ष वाचविण्यासाठी धाकट्याची फी थांबे. आणि मुलीचा क्रम तर बहुधा त्याही आधी थांबलेला असे.

यापेक्षाही सूक्ष्म असे एक दुःख होते. मुलगा तळेगावाहून काही श्रद्धा घेऊन आलेला असे. गुरूंनी त्यास सांगितलेले असे की परीक्षा हे विद्येचे माप नव्हे आणि नोकरी हे जीवनाचे साध्य नव्हे. आता तोच बाप, ज्याने ही वाक्ये ऐकून मुलास तेथे घातले, त्यास सांगू लागला की बाबा, परीक्षा दे. यात बाप खोटा ठरला असे मुलास वाटले तर नवल नाही. पण बापाच्या पदरी दुसरे काय होते? ध्येय पाहून त्याने मुलगा दिला होता. ध्येयाची संस्था गेली, मुलगा राहिला, आणि त्याच्या पोटाची चिंता पुन्हा त्याच्या एकट्याच्याच शिरावर आली.

राष्ट्रीय शाळांतून मुले काढून सरकारमान्य शाळांत घालणाऱ्या पालकांस त्या काळच्या व पुढच्याही कित्येक लेखकांनी दुबळे म्हटले आहे. बंगालचा दाखला याबाबतीत नेहमी देण्यात येतो. तेथे राष्ट्रीय शिक्षणपरिषदेच्या सामान्य शाळा पहिला उत्साह ओसरताच विद्यार्थ्यांवाचून रोडावत गेल्या. तांत्रिक शिक्षणाची शाखा मात्र टिकली, वाढली, आणि तिच्यातूनच १९५५ साली जादवपूर विद्यापीठ झाले. याचा अर्थ, लोकांनी देशभक्ती सोडली व पोट धरले, असा करण्यात येतो. आम्हांस हा अर्थ अन्यायाचा वाटतो. पालकांनी राष्ट्रीय शिक्षण टाकले असते तर त्याची तांत्रिक शाखाही त्यांनी टाकली असती. त्यांनी टाकली ती अशी शाळा की जिच्या शेवटी मुलाच्या हाती काहीच येत नव्हते. आणि ठेवली ती अशी की जिच्या शेवटी त्याच्या हाती निदान एक विद्या होती. विजापूरकरांनी उद्योगशिक्षणाचा आग्रह धरला तो हेच ओळखून, आणि म्हणूनच त्यांची दृष्टी त्यांच्या पुष्कळ टीकाकारांहून लांबची होती असे आम्ही म्हणतो. विद्यालयास आणखी दहा वर्षे मिळती तर पालकांची परीक्षा झाली असती. ती होण्यापूर्वीच शाळेस कुलूप पडले.

याच सुमारास बडोद्यासही असाच प्रकार घडला. तेथे बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने गंगनाथ विद्यालय चालत असे. या विद्यालयाची एक रीत फार हृद्य होती. शाळा म्हणजे कुटुंब, तेव्हा शिक्षकांस मास्तर न म्हणता नात्याने हाक मारावयाची. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर हे मुलांचे काका झाले आणि विठ्ठल लक्ष्मण फडके हे मामा झाले. १९१२ च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या दडपणामुळे हेही विद्यालय बंद पडले. कालेलकर हिमालयाच्या यात्रेस निघून गेले, पुढे शांतिनिकेतनात गांधीजींशी त्यांची भेट झाली, आणि गुजरातच्या राष्ट्रीय शिक्षणात त्यांनी आपले आयुष्य घातले. फडके गोधऱ्यास अंत्यजांच्या सेवेत रमले. शाळा गेली, पण मुलांनी दिलेली नावे गेली नाहीत. अखेरपर्यंत सारा देश त्यांस काकासाहेब व मामासाहेब याच नावांनी ओळखत राहिला. हे आम्हांस मोठे गोड वाटते, पण त्याबरोबर एक गोष्ट मनात येते. ज्या मुलांस या शाळेत काका व मामा लाभले होते, त्यांच्या दृष्टीने ती शाळा बंद होणे म्हणजे नुसते वर्ग बंद होणे नव्हते. एका दिवसात काका गेले, मामा गेले, सोबती पांगले. मोठी माणसे नव्या कार्यास लागतात. मुलास मात्र दुसरे काका लगेच मिळत नाहीत.

तुरुंगातून सुटल्यावर विजापूरकरांनी उमेद सोडली नाही. १९१८ साली तळेगावासच त्यांनी नवीन समर्थ विद्यालय काढले, आणि १९२६ साली त्यांचा अंत झाला. संस्थेच्या इतिहासात १९१० व १९१८ ही दोन साले एका ओळीत येतात व मधल्या आठ वर्षांवर एक स्वल्पविराम पडतो. घराच्या इतिहासात तसे होत नाही. १९१० साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १९१८ साली अठरा वर्षांचा झाला होता. त्याचे लग्न ठरत होते, किंवा तो कोठे तरी चिकटलाही होता. नवे विद्यालय त्याच्या धाकट्या भावास उपयोगी पडले असेल. त्याचे स्वतःचे वर्ग परत भरले नाहीत. आणि तरीही त्या गावात पुन्हा मुले आली. म्हणजे कोणी तरी बापांनी, पहिल्या शाळेचे काय झाले ते पूर्णपणे ठाऊक असूनही, पुन्हा आपले मुलगे दिले. आमच्या मते समर्थ विद्यालयाच्या इतिहासातील सर्वांत धैर्याची गोष्ट हीच होय, आणि ती करणारांची नावे कोणत्याही महोत्सवी अंकात छापली जात नाहीत.

आता काळ पालटला आहे. शाळा बंद पडण्याची कारणे आज निराळी आहेत. आज शाळा बंद होते ती मुलांच्या अभावी, भाड्याच्या ओझ्याने, संचालकांच्या भांडणाने, किंवा मान्यतेच्या अटी पुऱ्या न झाल्याने; २०२० साली आलेल्या महामारीच्या काळात फी थकल्यामुळे लहान खासगी शाळांची कशी दैना झाली ते आपण सर्वांनी पाहिलेच आहे. एक गोष्ट मात्र निःसंशय सुधारली. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या अठराव्या कलमात असे म्हटले आहे की, एखाद्या शाळेची मान्यता काढून घेतली तर त्याच हुकुमात तेथील मुलांस जवळच्या कोणत्या शाळेत घ्यावयाचे हेही सांगितले पाहिजे. पाचव्या कलमान्वये दाखला यावयास उशीर झाला म्हणून कोणी प्रवेश नाकारू शकत नाही, आणि चौथ्याप्रमाणे मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात बसवावे लागते. १९१० सालच्या बापास यांपैकी एकही आधार नव्हता. जे प्रश्न घेऊन तो दारोदार फिरला असेल, त्यांचीच ही उत्तरे शंभर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली आहेत.

परंतु हा आधार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. दहावीच्या वर्षात शाळा बंद झाली तर त्या घरावर आजही जवळजवळ तीच वेळ येते. आणि भरलेली फी परत मिळविण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात ते निराळेच. शिवाय कायदा मुलास दुसरा बाक देऊ शकतो. पहिल्या शाळेवर घराने टाकलेला विश्वास तो परत देऊ शकत नाही. कोणतीही संस्था काढताना चालक घटना लिहितात, उद्देश लिहितात, निधीची व्यवस्था लिहितात. आमची त्यांस एक सूचना आहे. आपली शाळा उद्या बंद करावी लागली तर मुलांचे दाखले कोणी द्यावयाचे, निदान चालू वर्ष कसे पुरे करावयाचे, आणि पालकांस किती महिने आधी सांगावयाचे, हेही पहिल्याच दिवशी त्याच कागदावर लिहून ठेवावे. यात अशुभ काही नाही. मृत्युपत्र करणारा मनुष्य मरणास बोलावीत नसतो. तो मागे राहणारांची काळजी करीत असतो.

विजापूरकरांसारख्यांस ही सवड काळाने दिली नाही. सरकारी हुकुमापुढे कोणतीच घटना टिकत नाही, म्हणून त्यांस दोष देण्याचे आमच्या मनातही नाही. त्यांच्या त्यागाचा पक्ष मोठा आहे व तो यथायोग्य गायिला गेला आहे. आमचे म्हणणे एवढेच की, त्या विद्यालयाच्या जमेस जसा संस्थापकांचा तुरुंगवास धरला जातो, तशीच ट्रंक घेऊन परत आलेल्या मुलांची व त्यांस दारात उतरवून घेणाऱ्या आईबापांची ती वर्षेही धरली जावीत. तीही देशाच्याच खात्यावर खर्ची पडली होती.